इटालियन पेटीचे बारा स्क्रू

दिवाळी अंकासाठी लिहा, असा आमच्या मंडळातल्या काकूंचा फोन आला तेव्हा मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा आला तेव्हाही नाहीच म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी थेट पप्पांना गाठलं. "तुमच्या मुलीने इंग्लिश गाण्यांचा अल्बम काढलाय ना? तिची यशोगाथा द्या की दोन-चार पानं." अल्बम इंग्लिश नाही. त्यात गाणी नाहीत, एक शब्दसुद्धा नाही. यश म्हणावं असंही काही झालेलं नाही. निदान एवढी दुरुस्ती करावी म्हणून लिहायला बसले.

मी इंग्लिश मीडियममध्ये शिकले. शाळेत गुजराती आणि हिंदी होतं. मराठी घरातून आलं, तेही अर्धं अहिराणी, कारण आम्ही मूळचे धुळ्याकडचे. म्हणून काकूंना एकच अट घातली: शुद्धलेखन सुधारा, वाक्यं बदलू नका. त्या म्हणाल्या, "तू दिसतेस तेवढी गरीब नाहीस गं."

मी कीबोर्ड दुरुस्त करते. कॉम्प्युटरचे नव्हे, वाजवायचे. उधन्यात लूमच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या, दोन गाळ्यांच्या मधे माझा गाळा आहे. डिप्लोमा झाल्यावर तीन वर्षं एका सर्व्हिस सेंटरमध्ये टीव्ही उघडले, मग हे स्वतःचं सुरू केलं. नवीन गिऱ्हाईक दारात येतं, आत बघतं आणि विचारतं, "भाई क्यां छे?" मी म्हणते, भाई नाही, मीच आहे. मग ते बाकावर बसतं, माझ्या हातातल्या सोल्डरिंग गनकडे बघत राहतं आणि थोड्या वेळाने दुसरा प्रश्न येतो, "तमे केवा?" म्हणजे तुम्ही कोण, कुठल्या जातीचे. इथे हा प्रश्न चहा विचारावा इतक्या सहज विचारतात. मी मान वर न करता सांगते, "रिपेरिंगवाळा." सहा वर्षांत याच्या पुढे कोणी विचारलेलं नाही.

कामाचा हंगाम नवरात्रीच्या आधीचा महिना. गरब्याच्या ऑर्केस्ट्रा पार्ट्या वर्षभर कपाटावर ठेवलेले कीबोर्ड घेऊन येतात. तक्रारी तीनच असतात: एखादी पट्टी वाजत नाही, एखादी वाजायची थांबत नाही, किंवा "अचानक बंद पडलं, काहीच केलं नव्हतं." आत साबुदाणा, अगरबत्तीची राख, सुकलेलं सरबत, मंगळसूत्राचे काळे मणी, एकदा एक आख्खी पाल, बिचारी वरच्या सप्तकात. हे सगळं काढलं की निम्मे कीबोर्ड आपोआप बरे होतात.

हसमुखभाई म्हणून एक ऑर्केस्ट्रावाले आहेत. एकदा ते आणीबाणी असल्यासारखे धावत आले. कीबोर्डमधून आवाजच येईना. मी बघितलं तर आवाजाचा दांडा शून्यावर होता. मी तो वर सरकवला, वाजवून दाखवलं. हसमुखभाई खूश व्हायच्या ऐवजी नाराज झाले.

"बेन, खोलके तो देखो."

"काही झालेलं नाही, हसमुखभाई."

"तोय खोलो ने! हुं बैठो छुं."

मग मी उघडला, ब्रश फिरवला, बंद केला. ते समाधानाने गेले. उघडल्याशिवाय लोकांना दुरुस्त झाल्यासारखं वाटत नाही, आणि मलाही उघडल्याशिवाय राहवत नाही. मागितलं त्यापेक्षा थोडं जास्त करून द्यायचं, हा माझा अभिमान होता. त्याच अभिमानाने माझ्या हातून जे झालं, ते सांगण्यासाठी हा सगळा लेख आहे.

त्याच हसमुखभाईंनी वडिलांच्या काळातला एक सिंथेसायझर मला भंगारात जायच्या आधी देऊन टाकला. लाकडी बाजू, वर उचलायची मूठ, बटणांवर इटालियन शब्द. तोवर मला माहीत नव्हतं की इटलीत ज्या गावांमध्ये अकॉर्डियन बनायची, तिथल्याच कारागिरांनी पुढे ही यंत्रं बनवली. लग्नात वाजवणाऱ्यांसाठी बनवलेली, गाडीच्या टपावर टाकून नेता येतील अशी. आजच्या कीबोर्डमध्ये व्हायोलिनचा आवाज म्हणजे खऱ्या व्हायोलिनचं रेकॉर्डिंग असतं. या जुन्यांमध्ये रेकॉर्डिंग नाही. वीज एका सर्किटमध्ये थरथरते, तिची थरथर हाच आवाज. बटणावर 'व्हायोलिनो' लिहिलेलं असतं, पण निघणारा आवाज व्हायोलिनचा नसतोच. तो दुसऱ्याच कुठल्यातरी वाद्याचा असतो, जे कधी लाकडात बनलंच नाही. मला तो ऐकून पहिल्यांदा वाटलं की यावर मी काहीतरी करू शकेन, आणि ते कोणासमोर उभं राहून करावं लागणार नाही.

एक अडचण होती. शेजारचे लूम सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि हा सिंथेसायझर चालत्या सुरावरून हळूच खाली घसरतो, झोप लागल्यासारखा. म्हणून आठवड्यातून ज्या एका दिवशी लूमना सुट्टी असते, त्या दिवशीच मी रेकॉर्डिंग करायची. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, ही मुलगी सुट्टीच्या दिवशीही किती राबते.

त्याच सुमारास पप्पांनी सुकदेव आबांना माझ्याकडे आणलं.

आबा पप्पांच्या आधीच्या पिढीतले. एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या मिलमध्ये, फिटर होते. मिलमध्ये छपाईची इटालियन मशिनं आली तेव्हा ती बसवायला इटलीहून एक इंजिनिअर आला. तो बरेच महिने राहिला. संध्याकाळी वेळ जावा म्हणून त्याने स्वतःचा एक सिंथेसायझर सोबत आणला होता. जाताना तो परत न्यायची खटपट करण्यापेक्षा त्याने तो आपल्या हाताखालच्या फिटरला देऊन टाकला, कारण या फिटरला तो वाजवता यायचा. तेव्हा आबा आमच्या वस्तीतल्या भीमगीतांच्या गायन पार्टीत हार्मोनियम वाजवायचे. पार्टीत सगळे त्या यंत्राला 'इटालियन पेटी' म्हणू लागले. एप्रिलातल्या जयंतीला, धम्मदीक्षेच्या दिवशी, उधन्यापासून सचिन गावापर्यंत ती पेटी हातगाडीवरून फिरली. पार्टीच्या मुख्य गायिका शेवंताबाई, आबांच्या पत्नी. मी लहानपणी त्यांना लांबून ऐकलेलं आहे. माइक नसला तरी चालायचा अशा होत्या.

शेवंताबाई गेल्या त्याला वर्ष होत आलं होतं. आबांना पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्यांची दोन गाणी पेटीवर वाजवायची होती. पेटी पंधरा-वीस वर्षं माळ्यावर पडून होती. आबांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, दोन पट्ट्या मुक्या आहेत, खरखर येते, तेवढं करून दे. तेवढंच म्हणाले.

मी तेवढंच केलं नाही.

पेटी उघडली आणि मी हरखून गेले. आतल्या तारा वेणीसारख्या दोऱ्याने बांधलेल्या. खरखर जुन्या कॅपॅसिटरमुळे होती, ती दोन दिवसांत गेली. मुक्या पट्ट्यांचे पत्रे गंजले होते, ते घासले. मग माझं लक्ष सुरांच्या पट्टीकडे गेलं. अशा यंत्रात सगळ्यात वरच्या सप्तकाचे बारा सूर तेवढे तयार केले जातात. खालची सगळी सप्तकं त्यांचेच निम्मे, निम्म्याचे निम्मे करून मिळतात. म्हणजे बारा सुरांना बारा स्क्रू, आणि त्या बारा स्क्रूंवर अख्खी पेटी. कंपनीने हे स्क्रू हलू नयेत म्हणून पांढऱ्या मेणाने बंद केलेले असतात. इथे मेण नव्हतं. तांबडी लाख होती, ओबडधोबड, बोटाचा ठसा उमटलेली. कोणीतरी आत हात घातलेला होता.

मी ट्यूनर लावला. ट्यूनर म्हणजे सूर बरोबर आहे की वरखाली, हे काट्याने दाखवणारं यंत्र. बारापैकी एकही सूर काट्याच्या मधोमध नव्हता. एक वर, एक खाली, पांढरी एक, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, तर चांगलीच उतरलेली. मला कीव आली. वाटलं, कुणा अडाणी मेकॅनिकने वाट लावली आहे आणि हे लोक इतकी वर्षं तसंच वाजवत आले. मी लाख खरवडली, एकेक स्क्रू फिरवला आणि काटा मधोमध आणला. बाराच्या बारा. वरून नवीन पांढरं मेण लावलं. तो माझ्या कामाचा सगळ्यात स्वच्छ दिवस होता. पप्पांना फोन करून सांगितलं, "आबांना सरप्राईज आहे."

आबा आले, खुर्ची ओढून बसले, पेटी सुरू केली. खरखर नाही हे बघून मान हलवली. मग उजवा हात ठेवला. तीन पट्ट्या वाजवल्या, चौथी वाजवलीच नाही. त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला.

"पोरी, हाई मनी पेटी नही शे."

मी हसले. मला वाटलं, चकाकतेय म्हणून म्हणताहेत. "तीच आहे आबा. सुरात आणली फक्त. बारा सूर बिघडलेले होते."

"मी तुले सूर लावाले सांगं व्हतं का?"

आवाज चढवला नाही त्यांनी. मग हळूहळू सांगितलं. इटालियन पेटी पहिल्यांदा पार्टीत आली तेव्हा शेवंताबाईंनी तिच्यासोबत गायला साफ नकार दिला होता. या डब्यात माझा गंधार नाही, म्हणाल्या. बाकीचे हसले. आबा हसले नाहीत. मिलच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी घरात पेटी उघडली. लोखंडी डिसमिसने स्क्रूचा गाभा तुटेल म्हणून (इथे स्क्रूड्रायव्हरला डिसमिस म्हणतात) लाकूड तासून एक बारीक कांडी केली. शेवंताबाई समोर बसून तांदूळ निवडत होत्या. त्या एक सूर लावायच्या, आबा स्क्रू फिरवायचे.

"ती म्हने चढाव, मी चढावू. ती म्हने बस, मी बस," आबा म्हणाले. अशा कितीतरी सुट्ट्या गेल्या. मग त्यांनी मिलमधल्या पार्सलवर लावायची लाख आणून सगळं बंद केलं, पुन्हा कोणी हलवू नये म्हणून.

आणि मी ते हलवलं होतं. ट्यूनर समोरच पडला होता, काटा अजून मधोमध. आधीचे आकडे मी कुठे लिहून ठेवले नव्हते. चूक लिहून कोण ठेवतं?

"आबा, मी परत लावते."

"कसं लावशी? ती कोठे शे आते?"

ते उठले. पेटी नेली नाही. दारात थांबून एवढंच म्हणाले, "जाऊ दे. तुले काय माहीत."

कार्यक्रमाला मी गेले, सगळ्यात मागच्या रांगेत बसले. वंदना झाली, दोघा-तिघांनी आठवणी सांगितल्या, एका मुलाने शेवंताबाईंचं गाणं मोबाइलवरच्या ट्रॅकवर म्हटलं. आबा पुढच्या खुर्चीवर, हात मांडीवर. त्यांची सून चहा देत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "आबांना वाजवायचं होतं गं, पण पेटीच बिघडली म्हणे." बिघडली. कोणी बिघडवली ते त्यांनी घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. तो चहा मला प्यावा लागला.

त्यानंतर कितीतरी दिवस मी माझ्या अल्बमला हात लावला नाही. मी फक्त एकच काम करत होते: पार्टीचं जुनं रेकॉर्डिंग शोधत होते. पार्टीतले निम्मे लोक आता नाहीत. मी कोणाच्या घरी न सांगता जाणारी मुलगी नाही, फोनवर बोलायचं तरी आधी वाक्य लिहून घेते. पण त्या दिवसांत मी सचिनला गेले, इच्छापोरला गेले, अनोळखी घरांत बसून पोहे खाल्ले. शेवटी पार्टीच्या ढोलकीवाल्यांच्या मुलीकडे एक कॅसेट निघाली. तिच्या आईने ती शिलाई मशीनच्या खणात ठेवली होती, दोऱ्यांच्या रिळांत.

कॅसेट जुनी असली की फीत हळू किंवा जोरात फिरते, सूर वरखाली होतात. मग तिचा काय उपयोग, असं कोणीही विचारेल. पण फीत हळू झाली तर सगळेच सूर एकत्र खाली येतात. त्यांच्यातलं आपसातलं नातं तसंच राहतं. मला नातंच हवं होतं. शेवंताबाई काळी चार पट्टीत गायच्या, म्हणजे त्यांचा सा हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. तो धरून बाकीचे मोजायचे. गाण्याच्या ओळी संपल्या की पेटी एकटी वाजते ते तुकडे मी वेगळे काढले. एकेक सूर सापडला की कागदावर लिहायची. त्यांचा गंधार, म्हणजे पांढरी एक, मला 'वाट लागलेला' वाटला होता तो, प्रत्येक गाण्यात नेमका तितकाच उतरलेला होता. चुकणारा माणूस प्रत्येक वेळी तितकाच चुकत नाही.

बारापैकी नऊ सूर मिळाले. तीन त्या कॅसेटवर कुठेच नव्हते: पांढरी दोन, पांढरी तीन आणि पांढरी सहा. यातली पांढरी सहा म्हणजे तो सूर, ज्यावर जगातले बहुतेक ऑर्केस्ट्रा आपली वाद्यं मिळवतात. आमच्या पार्टीला त्याची गरज पडली नव्हती.

मी पप्पांना घेऊन आबांच्या घरी गेले. कागद दाखवला. त्यांनी कागद बघितला नाही, कॅसेट ऐकली. दोन गाणी पूर्ण ऐकली. मग ते आत गेले आणि लाकडाची ती कांडी घेऊन आले.

लूमच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही बसलो. मी स्क्रू फिरवत होते, आबा डोळे मिटून होते. कागदावरच्या आकड्यापाशी आलं की मी थांबायची आणि ते म्हणायचे, "हां." आठ वेळा तसंच झालं. गंधाराला मी आकड्यावर थांबले तेव्हा ते म्हणाले, "उतार." मी थोडा उतरवला. "आखो उतार," म्हणजे आणखी. कागदाच्या केसभर खाली गेल्यावर म्हणाले, "बस." मी कागदाकडे बघितलं आणि तो उलटा करून ठेवला.

"आता उरलेले तीन," मी म्हणाले. "ते कॅसेटवर नाहीत. तुम्हीच सांगा."

"त्या सूर ती गायेच नही," आबा म्हणाले. "त्या मी तवय अंदाजे लावेल व्हतात. त्या तू लाव."

"मी?"

"तुनाच हात शे ना आते त्यान्हावर?"

पप्पा हसायला लागले. मी ट्यूनरकडे हात नेला, तर आबांनी तो उचलून पप्पांच्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा मी काटा न बघता सूर लावला. तीन सुरांना दुपार गेली. बाकीच्या नवांच्या मधे तो बरा बसतोय का, एवढंच ऐकायचं. कोणी बरोबर सांगणार नव्हतं, कोणी चूक सांगणार नव्हतं. शेवटी आबांनी सगळ्या पट्ट्यांवरून बोटं फिरवली आणि शेवंताबाईंच्या एका गाण्याची सुरुवात वाजवली. अर्ध्यात थांबले. बोटं आता वळत नाहीत, म्हणाले. पेटी तुझ्याकडेच ठेव. मी नको म्हणाले तर रागावले, "माळ्यावर ठेवाले दिऊ का?"

माझा अल्बम मग मी पहिल्यापासून केला. आठ तुकडे, सगळे आबांच्या पेटीवर आणि हसमुखभाईंच्या सिंथेसायझरवर. तो दुसरा मी आबांच्या सुरांना मिळवून घेतला. ढोलकी नाही, गाणं नाही. शेवंताबाईंची कुठलीही चाल नाही. ती माझी नाही, मी घेणार नाही. फक्त त्यांचं सुरांमधलं अंतर. नाव ठेवलं 'काळी चार'. आबांना ऐकवलं तेव्हा त्यांनी पूर्ण ऐकून विचारलं, "आनि ढोलकी कोठे शे?" नाहीच आहे म्हटल्यावर म्हणाले, "मंग लोक झोपतीन." तरी दुसऱ्यांदा लावायला सांगितलं.

मुंबईच्या एका छोट्या कंपनीने अल्बम काढायची तयारी दाखवली. अनिकेत नावाचा तिथला मुलगा माझ्याशी फोनवर बोलायचा. वाईट मुलगा नाही. त्याला अल्बम मनापासून आवडला होता. पहिल्यांदा त्याने माझा फोटो मागितला, गाळ्यात, हातात सोल्डरिंग गन, मागे लूम. "लोकांना स्टोरी आवडते," तो म्हणाला. मी पेटीचा फोटो पाठवला. तो विषय सोडून दिला त्याने.

मग त्याचा दुसरा फोन आला. "एक छोटी गोष्ट आहे. ट्यूनिंग."

"काय?"

"आमच्या इंजिनिअरने ऐकलं. काही नोट्स ऑफ आहेत. जुनी मशिनं आहेत, होतं तसं. तो एका दुपारी सगळं सरळ करून देईल. तुला काही करावं लागणार नाही."

"ते ऑफ नाहीत. तसेच लावलेले आहेत."

"हो गं, मला कळतंय. पण ऐकणाऱ्याला कसं कळणार? त्याला वाटेल चूक आहे."

"वाटू दे."

"अगं, तू स्वतः रिपेअर करतेस. तुझ्याकडे असं मशिन आलं असतं तर तू काय केलं असतंस?"

त्याला माहीत नव्हतं तो काय विचारतोय. मी म्हटलं, विचार करून सांगते.

मी विचार खरंच केला, उगाच शूरपणा दाखवत नाही. ही एकच कंपनी होती. त्यांच्यामार्फत गेलं असतं तर हजारो लोकांनी ऐकलं असतं. माझ्या एकटीच्या जिवावर गेलं तर पप्पा, मम्मी, आणि इटलीतले दोन-चार वेडे, जे जुन्या यंत्रांच्या मागे असतात. आठपैकी सहा तुकड्यांत फरक कोणाला कळलाही नसता. मी आबांकडे गेले. खरं सांगायचं तर मला हवं होतं की त्यांनी नाही म्हणावं, म्हणजे मला अनिकेतला सांगता येईल की माझं काही नाही, आबा ऐकत नाहीत.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "मले काय इचारस?" ते म्हणाले. "तुनं काम शे."

"तुम्हाला चालेल?"

"मी ऐकसू मनी पेटी. तू कोनले काय ऐकाडशी, ते तू देख."

म्हणजे माझी आडोशाची भिंतही त्यांनी काढून घेतली.

घरी येताना मला कळलं की अनिकेतचा इंजिनिअर जे एका दुपारी करणार होता, ते मी आधीच एका दुपारी केलेलं होतं. तोच काटा, तोच चांगुलपणा, न मागता दिलेली तीच जास्तीची सेवा. मी केलं तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत होतं. न जाणता केलेल्या गोष्टीला आबा 'जाऊ दे' म्हणाले होते. जाणून केलेल्याला तो शब्द लागू होत नाही.

मी अनिकेतला फोन केला नाही, कारण फोनवर मी गुळमुळीत होते. मेल लिहिला. इंग्लिशमध्ये लिहिला, माझी ती एक बाजू तरी मजबूत आहे. अल्बम आहे तसाच जाईल. एकही सूर हलणार नाही. हे मान्य नसेल तर मी राग न धरता परत घेते. त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं. सभ्य होतं. त्यांच्या लोकांना हे जमणार नाही, आणि पुढच्या कामासाठी शुभेच्छा. मी तो मेल वाचला आणि जेवायला बसले. भूक नीट लागली होती, याचं मलाच नवल वाटलं.

अल्बम मीच इंटरनेटवर टाकला. मोठ्या कंपनीचं नाव नसलं की काय होतं ते मला आता अनुभवाने सांगता येईल: काही होत नाही. हसमुखभाईंनी ऐकून फोन केला, "बेन, आमां ताल तो नाखो!" म्हणजे यात ताल तरी घाला. मंडळातल्या एका साहेबांनी विचारलं, हे बनवायला किती वर्षं गेली, आणि लग्नाचं काय. इटलीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराने लिहिलं की त्या जातीची यंत्रं त्याने तरुणपणी जुळवली होती, पण हा आवाज त्याने त्यातून कधी ऐकला नव्हता. ते वाक्य मी पप्पांना वाचून दाखवलं, पप्पांनी आबांना. आबा म्हणाले, कसा ऐकणार, ती तिकडे गायला गेली नव्हती.

मला अजून वाईट वाटतं की कार्यक्रमाच्या दिवशी ती पेटी वाजली नाही. ते या अल्बमने भरून निघालेलं नाही, निघणारही नाही. गाळ्यात आता माझा नियम बदललाय. कोणतंही यंत्र उघडलं की आधी सगळं जसं आहे तसं लिहून घेते, चूक दिसत असेल ते तर आधी. मग मालकाला विचारते, हे असं कोणी मुद्दाम केलंय का? बहुतेक जण म्हणतात, नाही बेन, बिघडलंय. एखादाच थांबतो आणि विचार करतो.

मी इंटरनेटवर कोणाला उत्तर देत नाही. वाचते आणि बंद करते. गेल्या महिन्यात अल्बमखाली एका माणसाने लिहिलं. संगीत शिकवणारा असावा, भाषेवरून तरी. छान प्रयत्न आहे, पण पहिल्या तुकड्यातली पांढरी एक उतरलेली आहे, पुढच्या वेळी ट्यूनर वापरावा, नवशिक्यांकडून असं होतं. कौतुकाने लिहिलेलं होतं, हेच जास्त लागलं. खाली दोघांनी सहमतीची खूण केली होती. मी गाळ्यात होते, शेजारचे लूम चालू होते, टेबलावर एक उघडा कीबोर्ड होता. मी हात पुसले आणि मराठीत लिहिलं:

"उतरलेली नाही. तो शेवंताबाईंचा गंधार आहे, आणि तो इथेच लागतो. तुमचा ट्यूनर त्याला मिळवून घ्या."